तालमीतली नायिका

परवा टीव्हीवरच्या प्रेमाच्या मालिकेत दोन तरुण मुलग्यांनी एकमेकांचा हात हातात घेतला, आणि माझ्याकडे बसायला आलेली शेजारीण म्हणाली, "काय बाई एकेक थेरं! आपल्या वेळी असलं काही नव्हतं." मी चहाचा कप खाली ठेवला. म्हटलं, "नव्हतं कसं? होतं की. तुला दिसलं नाही, एवढंच." ती रुसून घरी गेली. जाऊ दे. मालिकेतली ती दोन पोरं लईच गुळगुळीत आहेत, रडतानासुद्धा त्यांचा भांग मोडत नाही. पण निदान त्यांना कुणी हसत तरी नाही. आमच्या नाटकांत असली माणसं हसण्यासाठीच ठेवलेली असायची.

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात नाटकांतून कामं करायची. मिलची, बँकेची हौशी मंडळं नाटक बसवायची. पुरुष सगळे त्यांचे, नायिका तेवढी बाहेरून बोलवायची. घरंदाज बाई स्टेजवर येत नाही, आणि जी येते ती घरंदाज नाही, असा सगळा न्याय. मला बोलावणं यायचं ते शेवटच्या दोन-तीन तालमींना. तोवर दोन महिने माझी वाक्यं मंडळातलाच कुणीतरी पुरुष म्हणायचा. त्याला प्रॉक्सी म्हणत. प्रयोगाच्या दिवशी हाच प्रॉक्सी वही घेऊन विंगेत उभा राहायचा आणि कुणी वाक्य विसरलं की हळूच सांगायचा.

एका मिलच्या मंडळात नायक होता तो साच्यावर कापड विणणारा, अक्कलकोटकडचा, उंचापुरा, घरी कानडी बोलणारा. प्रॉक्सी त्याच मिलच्या गोदामातला कारकून. दोघं सात रस्त्याजवळ एका खोलीत भाड्यानं राहायचे. नोकरीला आलेले दोन सडेफटिंग एका खोलीत, यात कुणाला काही वाटायचं नाही.

पहिल्याच तालमीला नायक माझ्यासमोर खांबासारखा उभा. दुसऱ्या अंकात निरोपाचा प्रवेश होता. त्यात माझा हात धरायचा तर त्यानं तापलेलं पातेलं उचलावं तसा धरला. नाटक बसवणाऱ्यांना आम्ही मास्तर म्हणायचो. त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे, प्रॉक्सीबरोबर लई झ्याक करत होतास की!"

मी मूळची आगाऊ. म्हटलं, "मग दाखवा की दोघांनी. मी बघते आणि तसंच करते."

प्रॉक्सी पुढं आला. खांद्यावर टॉवेल, वही छातीशी धरलेली. पोरं ओरडली, "वा वहिनी!" प्रवेश सुरू झाला. प्रॉक्सीनं ना आवाज बारीक केला, ना मान वेळावली. माझं वाक्य तो आपल्या साध्या आवाजात बोलला, "तुम्ही गेल्यावर मी दिवा कुणासाठी लावू?" कसलं भिकार वाक्य! असली वाक्यं मी ढिगानं म्हटली होती. पण नायकाचे डोळे भरून आले. एरवी मराठी बोलताना अडखळणारा माणूस, त्याचा एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही. मी बाकावर बसून बघत होते आणि मला सरळ सरळ हेवा वाटला. माझ्याकडं असं कुणी बघितलं नव्हतं, ना स्टेजवर, ना घरी.

प्रवेश संपला तेव्हा एकाही पोरानं "वहिनी" म्हणून हाक मारली नाही. मास्तरांनी घाईघाईनं पुढचा प्रवेश लावला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी नवीन गंमत काढली. नाटकात नायकाचा एक नोकर होता, कंबर हलवत येणारा, "इश्श" म्हणणारा. तेव्हाच्या निम्म्या नाटकांत असा एक असायचाच, आणि लोक हसून हसून लोळायचे. आता त्या नोकराच्या खांद्यावर टॉवेल आला, छातीशी वही आली. त्यानं नायकाला म्हणायचं, "तुम्ही गेल्यावर मी दिवा कुणासाठी लावू?" आणि नायकानं पोट धरून हसायचं आणि त्याला हाकलायचं. हा कोण, ते अख्ख्या मिलला कळणार होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

प्रयोगाच्या दिवशी मी तोंडाला रंगच लावला नाही. मास्तरांना निरोप धाडला, ती नक्कल काढून टाका, नाहीतर साडी नेसून तुम्हीच उभे राहा. मास्तर आले, विनवण्या केल्या, चिडले, गेले. मग प्रॉक्सी आला आणि दारातच उभा राहिला.

"बाई, रंग लावा. लोक येऊन बसलेत."

"अहो, तुमची नक्कल करणार आहेत, कळतंय का?"

"व्हय. टॉवेल मीच दिलाय त्याला."

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"हसतील त्यांचे दात दिसतील," तो म्हणाला. "बाई, हसणारा माणूस हसतो आणि घरी जातो. परवा तालमीत कुणी हसलं नाही, बघितलंत ना? तेव्हापासून विचारतायत, लग्न कधी करणार, खोली एकच का. नक्कल काढून टाकली तर का टाकली, हे पण विचारतील. मग खोली जाईल, काम जाईल. त्याच्या गावाकडं कळलं तर त्याचे भाऊ त्याला जिवंत ठेवायचे नाहीत." मग आवाज खाली आणून म्हणाला, "हसायचं तेवढं त्याला जमत नाहीये. दोन दिवस शिकवतोय. त्या वेळी तुम्ही त्याच्या शेजारी असता. तेवढं सांभाळा."

मी रंग लावला. स्वतःची लाज वाटत होती, तरी लावला.

तिसऱ्या अंकात नोकर आला, टॉवेल सावरत. पहिल्या रांगेपासून शेवटपर्यंत हशा, शिट्ट्या. "अरे, हा तर गोदामातला!" कुणीतरी ओरडलं. नोकरानं ते वाक्य म्हटलं. आता नायकानं हसायचं होतं. तो हसेना. जबडा आवळलेला, डोळे नोकरावर. मी पदराआडून त्याच्या दंडाला चिमटा काढला, नख रुतेपर्यंत. हशा विरत चालला. लोक त्याच्या तोंडाकडं बघायला लागले.

तेवढ्यात विंगेतून आवाज आला, विसरलेलं वाक्य सांगावं तसा शांत. "हस. हस ना रे."

आणि तो हसला. मोठ्यानं, पोट धरून, वाकून हसला. नोकराला ढकलून दिलं. टाळ्यांनी मांडव दणाणला.

प्रयोग संपल्यावर मी रंगपटात गेले. नायक खुर्चीत बसला होता आणि प्रॉक्सी खोबरेल तेलाचा बोळा घेऊन त्याच्या तोंडावरचा रंग पुसत होता. दार उघडंच होतं. मिलची माणसं येत होती, नायकाची पाठ थोपटून जात होती. त्याच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, आणि तेल डोळ्यात गेलं असेल असं सगळ्यांना वाटत होतं.

"छान हसलास," प्रॉक्सी त्याला म्हणाला. "एकदम खरं वाटलं."