सखूबाईची पोटरी

आमच्या वाडीत सखूबाईचे हात ज्याच्या अंगावरून फिरले नाहीत, असं मूल सापडायचं नाही. बाळंतिणीची पाठ असो की म्हाताऱ्याचे गुडघे, खोबरेल कोमट करून ती बसली, की दुखणं आपणहून वाट सोडायचं.

यंदा होळीआधी ती जांभ्याच्या पायरीवरून घसरली. रत्नागिरीत खुब्याचा सांधा बदलला. घरी सोडताना नर्सने बजावलं, "आजी, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ही गोळी पस्तीस दिवस. पावलं वरखाली हलवायची, वॉकर धरून चालायचं. पोटरी सुजली तर चोळायची नाही. गुठळी सुटून छातीत गेली तर जीव जातो. तडक इकडे या."

सखूबाईला वाडीतला धाकू आठवला. मांडीचं हाड मोडून तो महिनाभर खाटेवर होता. पोटरी टणक झाली म्हणून तिनेच चोळून दिली. दुसऱ्या सकाळी धाप लागून तो गेला. तिला कुणी बोल लावला नव्हता.

पुढे टाके निघाले आणि तिला वाटलं, आता औषधाचीही गरज नाही. चार दिवस गोळी घ्यायची राहिली. पाचव्या दिवशी डावी पोटरी सुजून तापली.

सून रेणुकाने हाक मारली तशी शेजारची कमलाबाई तेलाची वाटी घेऊनच आली.

"सखू, माझी तिन्ही बाळंतपणं तुझ्या हातावर झाली. आज पाय पसर, मी चोळतंय."

"हात लावू नको गो!"

"का? माझ्या हाताला काय काटे आलेत?"

"धाकूला मीच चोळला होता, कमळे. आदल्या दिवशी."

कमलाबाईने पुढे केलेला हात मागे घेतला.

"रेणुका, रिक्षा बोलव. गोळ्यांची पिशवी घे," सखूबाई म्हणाली.

कमलाबाईही सोबत बसली आणि रिक्षा हातखंब्यावरून रत्नागिरीकडे निघाली. खड्डा आला की सखूबाई डोळे मिटायची. तिला वाटे, गुठळी आता सुटली, आता वर चढली. प्रत्येक श्वास ती आधी थोडा घेऊन बघे, मग पुरता घेई. आणि तिचे हात, साठ वर्षांची सवय, सारखे पोटरीकडे जात.

"धर माझे हात," ती सुनेला म्हणाली. "मी सांगितलं तरी सोडू नको."

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "कुणी चोळलं का?"

"नाय," कमलाबाई म्हणाली. तेलाची वाटी अजून तिच्या हातातच होती.

गुठळी होती. पण पोटरीतच होती. इंजेक्शन सुरू झालं, तेव्हा कुठे रेणुकाने हात सोडवून घेतले. तिच्या मनगटांवर सासूच्या बोटांचे वळ उठले होते.