ही धूळ तुमची

आमच्या धाकट्या मावशीला अख्खी गल्ली तोफ म्हणायची, आणि तिला ते आवडायचं. काका जुन्या बॅटऱ्यांमधलं शिसं वितळवणाऱ्या कारखान्यात भट्टीवर होते. ते घरी आले की मावशी त्यांचा शर्ट मोरीत झटकायची. करडी धूळ उडायची. मग हातानेच घासून धुवायची. पोटुशी असतानाही हे चालूच होतं.

मुलगी झाली. गोड, पण चार वर्षांची झाली तरी दोन शब्द जोडेना.

"आपल्याकडे सगळेच उशिरा बोलतात," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही तर अजून थांबला नाहीत," म्हणत मावशीने दवाखाना गाठला.

मायलेकींच्या रक्तात शिसं निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोचतं. पोटात मेंदू घडत असतो, तेव्हा थोडंसंही बाधतं. फक्त त्यामुळेच झालं, असं छातीठोकपणे नाही सांगू शकत. पण ती धूळ घरात नको."

मावशीला तेव्हा पुन्हा दिवस गेले होते. माझ्या आईच्या गळ्यात पडून ती ढसाढसा रडली. "म्हणजे माझ्याच हातांनी?" मग डोळे पुसून म्हणाली, "माझ्या नाही. कारखानेवाल्यांच्या."

ती कारखान्यात जाब विचारायला निघाली, तसे काका घाबरले. "साहेब काढून टाकतील मला."

"मग भट्टीवर कोण, साहेब उभे राहणार?"

तिने घरोघरी जाऊन भट्टीवाल्यांच्या बायका गोळा केल्या. मळक्या कपड्यांचं गाठोडं उचलायला ती वाकली, तोच सासूबाईंनी ते ओढून घेतलं. "तू हात लावायचा नाहीस."

गाठोडं थेट साहेबांच्या टेबलावर आदळलं.

"ही धूळ तुमची," मावशी म्हणाली. "तुमच्याकडेच ठेवा."

"अहो, कपडे धुणं बायकांचं काम."

"मग बोलवा तुमच्या बायकोला," सासूबाई म्हणाल्या.

बायका फाटकात बसल्या. त्यांना ओलांडून आत जायची एकाही नवऱ्याची छाती झाली नाही. भट्टी थंड पडली, तेव्हा कुठे साहेब वठणीवर आले. कारखान्यात न्हाणीघर आलं, कपडे धुवायची सोय झाली. काका आता अंघोळ करून, धुतलेल्या कपड्यांत घरी येतात.

पुढे मुलगा झाला. तो कसा बोलतो, ते कळायला अजून वेळ आहे. थोरली शाळेत जाते, सावकाश वाचते. बाईंनी तिला मागे बसवलं, तशी मावशी वर्गाच्या दारात उभी राहिली.

"तिला वेळ लागतो ना? मग लावा वेळ. पण ती पुढेच बसणार."