अर्ध्या पोटाचं भय
डोईफोडिया गावच्या सविताबाई कशाला भिणाऱ्या नव्हेत. केळीच्या बागेत नाग निघाला तर विळा घेऊन त्याच्याशीच भांडायला उभ्या राहतील, अशी बाई. पण लेक भूमिका सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली, बऱ्हाणपूरच्या डॉक्टरीणबाईंनी तिची शुगर वाढल्याचं सांगितलं, आणि सविताबाईंच्या तोंडचं पाणीच पळालं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, भूमिका जन्मली तेव्हा केवढी होती. चिमणीएवढी, असं सविताबाई हसत म्हणाल्या. तेव्हा त्यांच्या सासू चंद्रभागाबाईंचा दंडकच होता, की सातव्यापासून सुनेनं अर्ध्या पोटी उठायचं. पोर लहान राहतं, सुटका सोपी होते. गावात सगळ्याच तसं करत. डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. म्हणाल्या, आईबापांचे गुण तेच उतरतात, पण त्यातला कोणता जागा होईल नि कोणता निजून राहील, हे पोटातल्या उपासमारीनंही बदलू शकतं. उपाशी घडलेल्या शरीराला मोठेपणी साखर पेलवेनाशी होते. आणि मुलगी गर्भात असतानाच तिच्या पुढच्या लेकरांचं बीज तिच्यात तयार झालेलं असतं. असं होईलच असं नाही, हेही त्यांनी समजावलं. पण भ्यालेल्या माणसाला पुढचं ऐकू येतं थोडंच! आपल्या उपाशी पोटी लेक आणि नातवंड एकदमच उपाशी राहिली, एवढंच बाईंनी ऐकलं.

मग त्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं ताट वाढू लागल्या. ज्वारीची भाकरी, उडदाची दाळ, मेथी. ताट चाटूनपुसून परत येई. अन् एका सकाळी म्हशीच्या गव्हाणीत अर्धी भाकरी सापडली.

बाईंनी ती उचलली. चुलीपाशी बसलेल्या भूमिकाला त्यांनी विचारलं. ती खाली मान घालून म्हणाली, "सासूबाई म्हणतात, शुगरवालीचं पोर मोठं होते, मग ऑपरेशन करा लागते. म्हणून कमी खाते."

"मी बी हेच केलं व माय," सविताबाई म्हणाल्या. त्यांना रडू आवरेना. "तू पोटात होती तं मी बी अशीच उठायची. तुझी शुगर त्याच्यानंच असंल. डॉक्टरीणबाई म्हणे, पोटातल्या पोरीत तिच्या लेकरांचं बीज बी तवाच बनते."

भूमिकाचा हात आपसूक पोटावर गेला. तिनं विचारलं,

"ही मुलगी असली तं? हिच्यातलं बीज बी आत्ताच..."

सविताबाईंनी तव्यावरची भाकरी लेकीच्या ताटात टाकली आणि शेवटचा घास गिळेपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत बसल्या.