उत्तर ठाऊकच होतं

नरडाण्याचा संघपाल पुण्याच्या एका कंपनीचं काम धुळ्यातल्या भाड्याच्या खोलीतून करायचा. प्रोग्रॅम चालायच्या आधीच त्याची काटछाट करणारा कंपायलर तो सुधारायचा. ज्या हिशोबाचं उत्तर कधी बदलणारच नाही, तो पुन्हा पुन्हा कशाला करायचा? कंपायलर उत्तर आधीच काढून ठेवतो आणि हिशोब उडवून टाकतो.

ही अक्कल कामापुरती ठेवली असती तर बरं झालं असतं. पण पठ्ठ्याने रोजच्या जगण्यातही कात्री चालवली. फोनवर आई, कलाबाई, जेवण झालं का विचारायच्या आत तो ‘हो’ म्हणून मोकळा व्हायचा. हॉटेलात मेनूकार्ड मागवणं त्याने केव्हाच सोडलं. सोबत प्रज्ञा असली की तिचीही शेवभाजी तोच सांगायचा. प्रज्ञा कॉलेजपासूनची मैत्रीण, आता बँकेत होती. लग्न करायचं तर हिच्याशीच, हे त्याने ठरवलं होतं. ती हो म्हणणार, हेही त्यानेच ठरवलं होतं.

कलाबाईला मात्र धीर निघेना. “तिले इचारं का तू?” तिने एकदा विचारलंच.

त्यात विचारण्यासारखं काही नाही, मला ठाऊक आहे, असं तो म्हणाला.

“मंग तिले बी म्हाईत शे का?”

संघपाल हसला. आईला कंपायलर कुठला कळायला!

त्याच सुमारास जळगावहून तक्रार आली. केळी पिकवायच्या खोलीचं तापमान पडद्यावर हलेचना आणि आत केळी काळी पडली. प्रोग्रॅम स्वतः तो आकडा बदलत नव्हता, म्हणून कंपायलरने तो कायमचा धरला आणि थर्मामीटरला पुन्हा विचारणंच काढून टाकलं. आकडा बाहेरून बदलत होता. संघपालने चूक दुपारपर्यंत दुरुस्त केली आणि खुशीत प्रज्ञाला जेवायला बोलावलं.

वेटर आला. संघपाल तोंड उघडणार, तोच प्रज्ञाने मेनूकार्ड मागितलं. शेवभाजी आपल्याला पहिल्यापासूनच तिखट लागते, असं ती शांतपणे म्हणाली. मग तिने सांगितलं, की यावलचा एक मुलगा पाहायला आला होता आणि तिचं लग्न ठरलं आहे.

संघपालने वेटरला हाताने थांबवलं.

“तू त्याला हो म्हणालीस?” इतक्या वर्षांत तिला विचारलेला हा त्याचा पहिलाच खरा प्रश्न.

“त्याने विचारलं,” प्रज्ञा म्हणाली आणि मेनूकार्ड वाचू लागली.