हळद लागताना सगुणा कुठे असते

रत्नागिरीत लग्न ठरलं की लोक आधी हॉल धरतात, मग सगुणाला. भटजींचा नंबर तिसरा. साळवी स्टॉपच्या मागे एका गाळ्यात तिचं पार्लर आहे आणि शेजारच्या गाळ्यात माझं ब्लाउज शिवायचं दुकान. नवरीला नऊवारी नेसवायला ती मला बरोबर नेते, त्यामुळे लग्नघरं मी आतून पाहिलीत. आतून पाहिलं की लग्नाबद्दलचा आदर फार काळ टिकत नाही.

सगुणा ठेंगणी, सावळी, तोंडाने फटकळ. पण तिच्या खुर्चीतून उठलेली मुलगी आरशात बघून स्वतःवरच लाजते. एरवी यातल्या निम्म्या पोरींना लाजणं म्हणजे काय ते ठाऊक नसतं.

तिचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत काविळीने गेला. मूलबाळ नव्हतं. तिने पार्लर थाटलं आणि धाकट्या बहिणीचं, दर्शनाचं, लग्न स्वतः उभं केलं. त्या लग्नात मेंदी सगुणाने काढली, केस तिने बांधले, चेहरा तिने केला. हळदीची वाटी आली तशी दर्शनाची सासू म्हणाली, "तुम्ही जरा आत बसा हां. सवाष्णींचं काम हाय." दर्शना पाटावरच होती. तिने ऐकलं आणि खाली मान घातली. एक शब्द काढला नाही, दातखीळ बसल्यासारखी. सगुणा आत गेली आणि त्यानंतर बहिणीच्या घरी कधी गेली नाही.

पुढे दर्शनाच्या नवऱ्याने, तो जहाजावर असायचा, दुसऱ्या कुठल्याशा बंदरात दुसरा संसार मांडला. तो परत येणार नाही हे तिच्या सासरी, बुरोंडीच्या सगळ्या बंदराला माहीत आहे. पण माणूस जिवंत आहे, म्हणून दर्शना सवाष्ण. गळ्यात मंगळसूत्र आणि हातात काही नाही.

मागच्या वर्षी ती पिशवी घेऊन पार्लरच्या दारात उभी राहिली. सगुणाने तिला कामाला ठेवलं, पण तिच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं. मग एवढ्याशा खोलीत दोघींचा कारभार गिऱ्हाइकांमार्फत सुरू झाला. "वहिनी, त्यांना सांगा, वॅक्स तापलंय." "वहिनी, त्यांना सांगा, मला दिसतंय." मधे वहिनी बिचाऱ्या तोंडाला पॅक लावून पडलेल्या, ओठ हलवले तर पॅक फुटणार. दोघी पन्नाशीकडे झुकलेल्या बाया आणि वागणं बालवाडीतलं. मी तोंडावर सांगितलं, तर दोघी मिळून माझ्यावरच उखडल्या. एकीने वर्षानुवर्षं राग जपला, दुसरीने लाज जपली, आणि दोघींनाही त्याचा अभिमान.

या वैशाखात हेदवीचं लग्न आलं. नवरीबरोबर घरातल्या सगळ्याच बायकांना नटायचं होतं, म्हणून पहिल्यांदाच दर्शनालाही बाहेरच्या कामाला घ्यावं लागलं. जयगडहून फेरीबोटीने खाडी ओलांडली. बोटीवरही दोघी दोन टोकांना आणि मधे मी, मेकअपचे डबे सांभाळत.

नवरीचं नाव ऋतिका. पोरगी साधी होती. खरा कारभार तिच्या आत्याचा, गोदाबाईंचा. फोटोवाल्यासाठी हळदीलाही मेकअप हवा होता. सगुणाने त्या पोरीवर दोन तास मेहनत घेतली. मग गोदाबाईंनी स्वतःच्या भुवया करून घेतल्या, अंबाडा घालून घेतला, आणि जाता जाता गालालाही काहीतरी लावून घेतलं. तोपर्यंत सगुणाच्या हाताला काही विटाळ नव्हता.

हळदीची वाटी बाहेर आली. सगुणाने सगळे ब्रश गोळा केले आणि कोणी काही म्हणायच्या आत मागीलदारी निघून गेली.

"ताय कुठं गेली?" दर्शनाने मला विचारलं.

"ब्रश धुवायला. हळद आली की जाते."

"दर वेळी?"

"दर लग्नात. कोणी उठवायच्या आधी आपणच उठते."

दर्शनाचा चेहरा पडला. तेवढ्यात गोदाबाईंनी हाक मारली, "अगो दर्शना, ये गो इकडं! सवाष्णी चारच झाल्यात, पाचवी हवी."

ही पुन्हा मान खाली घालून गेली, तर आज मागच्या दारी बसलेली बाई तिला जन्मात माफ करणार नव्हती. आणि मीही नसतं केलं.

"तायला बोलवा," दर्शना म्हणाली, "मग येते."

"अगो बाय, तिला कसं बोलवायचं? शुभकार्य हाय."

"दोन तास तुमच्या पोरीचं तोंड तिच्या हातात व्हतं. तवा चाललं?"

"ते काम गो. हे कार्य हाय." गोदाबाईंनी हे इतक्या शांतपणे सांगितलं, की माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"माझ्या नवऱ्यानं दुसरी केली, तरी माझा हात तुम्हाला चालतो. तिचा मेला, त्यात तिनं काय केलं?" दर्शनाचा आवाज सगळ्या अंगणाला ऐकू गेला. "मी नाय येत."

कोणाला पाझर वगैरे फुटला नाही. गोदाबाईंनी शेजारच्या एका सुनेला हाताला धरून पाटापाशी बसवलं आणि हळद सुरू झाली. गाणीही झाली. दर्शना मागीलदारी गेली. मीही गेले, मला तिथे थांबायची शिसारी आली होती.

सगुणा कपडे धुवायच्या धोंडीवर बसली होती. तिने सगळं ऐकलेलं होतं. दर्शना तिच्या बाजूला बसली, एक ब्रश उचलला आणि म्हणाली, "ताय, माझ्या हळदीलापण मी बोलायला हवं व्हतं."

"हवं व्हतं," सगुणा म्हणाली. जाऊ दे, झालं गेलं, असलं काही नाही. मग ती रडायला लागली. एवढ्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. दर्शनाने तिचे ओले हात आपल्या पदरात घेतले, आणि मी उगाच विहिरीकडे बघत राहिले.

थोड्या वेळाने गोदाबाई मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आवाजात साखर. "सगुणाताय, चला हां. ऋतिकाची आंघोळ झाली. मुहूर्त जवळ आला, तुमच्याशिवाय कोण करणार?"

सगुणाने तोंड पुसलं. "दर्शना, डबा घे," ती म्हणाली. मग दारापाशी जाऊन थांबली.

"बाजूला व्हा, गोदाबाई. माझा हात लागेल."

आणि त्या खरंच झाल्या, अगदी भिंतीला चिकटून. दोघी बहिणी आत गेल्या. आत ऋतिका खुर्चीत बसून, डोळे मिटून, तोंड वर करून सगुणाच्या हाताची वाट बघत होती.