दयाअण्णांचं 'सरी'

दयानंद चौगुल्यांना 'नाही' म्हणता येत नाही, हे बंगळुराच्या येलहंक्यात रिक्षावाल्यांपासून देवळाच्या वर्गणीवाल्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मूळचे बेळगावचे. एका कारखान्याच्या संघाकडून खेळायला म्हणून बंगळुरात आले आणि इथलेच होऊन गेले. पायातला फुटबॉल सुटला, डोक्यातला मात्र सुटला नाही, म्हणून निवृत्तीनंतर ते 'उदयरवी स्पोर्टिंग' या क्लबाचे मॅनेजर झाले. मॅनेजर म्हणजे खेळाडूंच्या खोल्या, डबे, दुखणी आणि रुसवेफुगवे सांभाळणारा माणूस. कुणी काहीही मागो, दयाअण्णांचं उत्तर एकच: "सरी, सरी."

कन्नडात 'सरी' म्हणजे 'बरं'. आता बरं म्हणण्याच्याही दोन तऱ्हा असतात. अण्णा म्हणतात तेव्हा 'तुझं बोलणं कानावर आलं' एवढाच त्याचा अर्थ असतो. समोरच्याला मात्र 'ठरलं' असं ऐकू येतं. या घोटाळ्यातून चौगुल्यांच्या घरात मासे नसलेली एक काचेची पेटी, पाणी शुद्ध करणारी दोन यंत्रं आणि, सुनंदाबाईंचं म्हणणं खरं मानायचं तर, खुद्द सुनंदाबाई आल्या. "माझ्या वडलांनी विचारलं, मुलगी पसंत हाय काय? हे म्हणाले सरी. आम्ही लगेच कार्यालय बघायला सुटलो," असं त्या आल्यागेल्याला सांगतात. अण्णा तेवढ्यापुरतं पेपरात डोकं घालतात.

इथवर सगळं हसण्यावारी जात होतं. पण मग मंजुनाथचं प्रकरण आलं.

मंजुनाथ हा क्लबाचा कप्तान, आनेकलचा, बचावफळीत खेळणारा. हंगाम संपता संपता त्याला दुसऱ्या क्लबाचं बोलावणं आलं. त्यानं अण्णांना फोन केला, की दोन वर्षांचा करार द्या, गुडघ्याचा इलाज क्लबानं करावा, मग मी कुठं जात नाही. अण्णा म्हणाले, "सरी, सरी." मंजुनाथनं त्याच दुपारी तिकडे नकार कळवून टाकला.

करार करणं मात्र अण्णांच्या हातात नव्हतं. ते काम ऑफिसातल्या अद्वैतचं. अद्वैत पुण्याचा, मालकांनी सॉफ्टवेअर कंपनीतून उचलून आणलेला. मुलगा हुशार आणि सभ्य, फक्त 'प्रोसेस' हा शब्द त्याच्या तोंडात सुपारीसारखा सतत घोळत असायचा. त्यानं मंजुनाथपुढे एकाच वर्षाचा करार ठेवला, आणि गुडघ्याचा त्यात उल्लेखही नाही. मंजुनाथ म्हणाला, अण्णांनी शब्द दिलाय.

"काका, तुम्ही खरंच कमिट केलं होतं का?" अद्वैतनं भर मिटिंगमध्ये विचारलं. मालक आणि मंजुनाथ समोरच बसलेले. अण्णांनी मालकांकडे पाहिलं.

"मी सरी म्हटलो होतो," ते म्हणाले. "सरी म्हणजे, ऐकलं."

व्याकरणात उत्तर बिनचूक बसत होतं. मंजुनाथनं अण्णांकडे एकदा पाहिलं, सही न करता उठून गेला आणि फुटबॉल असोसिएशनकडे तक्रार केली.

आता दोन हंगामांच्या मध्ये करार संपून मोकळे झालेले बरेच खेळाडू असतात. ऑफिसात त्यांना फ्री एजंट म्हणतात. पोरीसाठी स्थळ बघावं तसे ते क्लब बघतात, म्हणजे चौकशी करून. आणि चौकशी करायची तर कप्तानाकडेच. केरळचा गोलकीपर म्हणाला, आधी तुमच्या कप्तानाचं मिटू दे. गोव्याच्या पोराची आई अचानक आजारी पडली आणि त्याच संध्याकाळी त्याच्या स्टेटसवर एका लग्नात झकास नाचताना दिसली. अद्वैतचं निदान वेगळं होतं. त्याच्या मते क्लबाचं 'प्रेझेंटेशन' कमी पडत होतं. त्यानं ड्रोन उडवून मैदानाची फिल्म काढली. फिल्म सुरेख झाली. तिच्यात पेनल्टीच्या जागी दोन गायी निवांत चरत होत्या.

शेवटी उरला ऋतुराज. कोल्हापूरचा, गोल मारण्यात पटाईत. मालकांनी सांगून टाकलं, हा आला तर संघ उतरवू, नाहीतर यंदा क्लबाला कुलूप. अण्णांना एकच प्रश्न पडला: क्लब नसेल तर सकाळी उठून जायचं कुठं?

"काका, तो मराठी, तुम्ही मराठी. घरी जेवायला बोलवा," अद्वैत म्हणाला. "आणि मंजुनाथचं विचारलं, तर सांगा की सेटल झालंय."

"सरी," अण्णा म्हणाले.

कोल्हापूरच्या माणसाला बेळगावच्या हातचा तांबडा रस्सा वाढायला धाडस लागतं. ते सुनंदाबाईंकडे होतं. ऋतुराजनं दोन वाट्या रस्सा संपवला, बोटं चाटली आणि मग शांतपणे विचारलं, "काका, मंजुनाथअण्णाला तुम्ही शब्द दिलता का न्हाई?"

अण्णांनी त्याला 'सरी'चे दोन्ही अर्थ उदाहरणांसह समजावून सांगितले. ऋतुराजनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे उद्या मी काय मागितलं आन् तुम्ही सरी म्हटला, तर त्यातलं कुठलं धरायचं मी?"

अण्णांनी बायकोकडे पाहिलं. सुनंदाबाई भात वाढून स्वयंपाकघरात निघून गेल्या. अण्णांना लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत वाटली. त्यांनी डाव्या हातानं फोन ओढला आणि अद्वैतला लावला.

"मंजुनाथला मी होय म्हटलो होतो. ठरलं म्हणूनच म्हटलो होतो. मिटिंगात मालकांना बघून भ्यालो. असोसिएशनला पण आता हेच सांगणार बघ मी."

"काका, मग केस आपण हरतो. कळतंय ना तुम्हाला?"

"होय की," म्हणून अण्णांनी फोन ठेवला. क्लब बुडवला आपण, असं त्यांना वाटलं.

ऋतुराज ताटातला भात कालवत म्हणाला, "ऑफिसात मला सवता फ्लॅट देतो म्हणालेत."

"मिळणार नाही," अण्णा म्हणाले. "दोघांत एक खोली. संध्याकाळी पाणी नसतंय."

हे कोण बोललं म्हणून सुनंदाबाई हातात पळी घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

ऋतुराज हसला आणि दुसऱ्या दिवशी सही करून मोकळा झाला. असोसिएशनपुढे क्लबानं शब्द कबूल केला, मंजुनाथला दोन वर्षं मिळाली आणि गुडघ्याचा इलाजही. ते कळताच केरळचा गोलकीपर आला. गोव्याच्या आईलाही एका रात्रीत आराम पडला. अद्वैतनं याचं श्रेय ड्रोनच्या फिल्मला दिलं आणि कुणी वाद घातला नाही.

सरावाच्या पहिल्या सकाळी सगळे मैदानावर गोल करून उभे होते. अण्णा खुशीत होते. "उद्यापासून नाश्ता क्लबाचा," त्यांनी जाहीर केलं.

मंजुनाथनं प्रशिक्षकांच्या खिशातलं पेन काढून अण्णांपुढे धरलं. "अण्णा, स्वल्प बरेदु कोडी." म्हणजे, जरा लिहून द्या.

हशा पिकला. अण्णाही पोट धरून हसले, आणि हसता हसता तो पेन मागे घेईल म्हणून थांबले. हसणं ओसरलं, तरी मंजुनाथचा हात पुढेच होता.

अण्णांनी पेन घेतलं. पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यावर 'उद्यापासून नाश्ता क्लबाचा' असं कन्नडात नीट लिहिलं आणि खाली पूर्ण नावानिशी सही केली.