पहिल्या नावाचं रक्त

प्रज्ञाचे आईवडील ऊसतोडीला गेले की ती रंगुआत्याकडे राहायची. पाथर्डी तालुक्यातलं गाव. आत्याने तिला दहावीपर्यंत भाकरी घातली. पुढे आत्याची पोरं मोठी झाली आणि आत्याही कोयता घेऊन ट्रकात चढू लागली. प्रज्ञा नगरला संख्याशास्त्र शिकली आणि सत्त्याण्णव साली तिथल्याच एका आरोग्यसंस्थेत लागली. संस्थेचे संचालक आप्पासाहेब. त्यांना विद्वान म्हणायची पद्धत होती. का, ते कोणी विचारलं नव्हतं.

त्या वर्षी संस्थेने प्रज्ञाच्याच गावात दोनशे बारा बायकांचं रक्त तपासलं. ज्यांचं हिमोग्लोबिन आठाच्या खाली, त्यांना ट्रक निघायच्या आत दवाखान्यात न्यायचं, असं ठरलं. आकडे संगणकात प्रज्ञाने भरले. पण निवाडा करणारं फंक्शन आप्पासाहेबांनी स्वतः लिहिलं. 'एस' नावाची संख्याशास्त्राची संगणकभाषा ते पुण्याला पाच दिवसांत शिकून आले होते. त्यातले दोन दिवस जेवणावळीत गेले असावेत.

निकाल आला. दोनशे बारा ओळी, प्रत्येकीपुढे 'ठीक'.

प्रज्ञाने आत्याची ओळ शोधली. सहा पॉइंट चार. ठीक.

"सर, हे ठीक कसं?"

"संगणक म्हणतोय ना? त्याचं तुझ्या आत्याशी काय वाकडं आहे?"

"खाली एक ओळ आलीय. दोनशे बारा आकडे दिलेत, पण फक्त पहिलाच वापरला, असं लिहिलंय."

"ती सूचना आहे, चूक नव्हे. सूचना सरकारही काढतं. कोण वाचतं?"

त्या भाषेत बेरीज, गुणाकार, वर्गमूळ हे सगळं अख्ख्या रांगेवर एका दमात चालतं. शंभर आकडे द्या, शंभर उत्तरं मिळतात. आप्पासाहेबांना वाटलं, सगळंच तसं चालतं. त्यांनी वापरलेली 'इफ'ची अट मात्र एकाच आकड्यापुरती होती. तिने रांगेतला पहिला आकडा पाहिला, एकदा 'ठीक' म्हटलं, आणि तो एक शब्द भाषेने निमूटपणे दोनशे बारा जणींना चिकटवला. प्रत्येकीला वेगळं विचारणारी 'इफएल्स' त्याच भाषेत होती. पण ती बहुधा जेवणाच्या वेळेत शिकवली असावी.

आणि पहिला आकडा कोणाचा? गावात कुठलीही यादी मानाच्या घरापासून सुरू होते, मग ती पंगतीची असो की पोलिओच्या डोसाची. पहिलं नाव सरपंचांच्या बायकोचं. घरी तीन म्हशी, हातात कधी कोयता नाही, रक्त तेरा. तेच रक्त आप्पासाहेबांनी सगळ्या गावाला चढवलं.

प्रज्ञाने इफएल्स घालून यादी पुन्हा काढली. अडतीस जणी आठाच्या खाली निघाल्या. आप्पासाहेबांनी कागद उलटा ठेवला.

"अहवाल वर गेलाय. सोमवारी सरपंचांना 'निरोगी गाव' म्हणून प्रशस्तिपत्र द्यायचंय. आता गाव आजारी पाडू?"

"ट्रक बुधवारी निघतात, सर."

"निघू देत. आल्यावर बघू."

आल्यावर म्हणजे सहा महिन्यांनी. प्रज्ञाने उलटा कागद उचलून फाइलला लावला. वाद थांबला की आप्पासाहेबांना तिला पटलं असं वाटे.

सोमवारी सरपंच गोरक्षनाथ नवा फेटा बांधून बायकोसह आले. आप्पासाहेब ऐटीत म्हणाले, "प्रज्ञा, पाहुण्यांना आमचं फंक्शन चालवून दाखव."

तिने रंगुआत्याची ओळ उचलून सर्वात वर ठेवली. फंक्शनच्या एका अक्षरालाही हात लावला नाही. प्रिंटर करकरला. दोनशे बारा ओळी, प्रत्येकीपुढे 'तातडीने उपचार'.

गोरक्षनाथांनी बोटाने बायकोचं नाव शोधलं. "आप्पासाहेब, हिला काय झालंय? सकाळी तर चांगली हुती."

"म्या म्हनत न्हवते का, मला चक्कर येती?" बाईंनी तिथेच भिंत धरली. "तुमी आईकलं का कंदी?"

"प्रज्ञा! काय केलंस हे?"

"फंक्शन तुमचंच आहे, सर. मी फक्त मानाची बाई बदलली."

"अवो, ते मागनं भांडा," गोरक्षनाथ ओरडले. "आदी गाडी काढा! डागतर लागंल."

आता गाव सगळं निरोगी छापायचं की सगळं आजारी, एवढंच आप्पासाहेबांच्या हातात होतं. नाहीतर इफएल्स. दुपारी त्यांनी इफएल्सच्या यादीवर सही केली आणि जुन्या अहवालावर 'मुद्रणदोष' असा शेरा मारला.

मंगळवारी जीप गावात गेली. रंगुआत्या दवाखान्यात जायला तयार नव्हती. "एक कोयता मंजी नवरा-बायकूची जोडी. म्या ऱ्हायले तर मुकादम ह्यांनाबी न्हेत न्हाई," ती म्हणाली. प्रज्ञाने तिचं बोचकं उचलून जीपमध्ये टाकलं, मग आत्या मागोमाग चढली. सत्तावीस जणी दवाखान्यात पोचल्या. अकरा जणींचा ट्रक मुकादमाने आदल्या दिवशीच हलवला होता.

"अकराच ना?" आप्पासाहेब म्हणाले. "टक्केवारी काढ. अगदी किरकोळ असेल."

"पाच पॉइंट दोन," प्रज्ञा म्हणाली. "नावं वाचते. लंकाबाई, रक्त सात पॉइंट एक. शरिफा, सहा पॉइंट नऊ…"

चौथ्या नावाला आप्पासाहेब चहा सांगायला उठले. तिने उरलेली सात नावंही वाचली, कागद घडी करून पर्समध्ये घातला आणि तो ट्रक गेला त्या साखर कारखान्याला फोन लावायला समोरच्या एसटीडी बूथच्या रांगेत जाऊन उभी राहिली.